कामाचे माप आणि कामाचा अर्थ : म्हसवड व माणदेशातील श्रमाच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

ऑक्टोबर २०२३ मध्ये उद्योजक एन. आर. नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत मांडले आणि त्यावर देशभर वाद झाला. समर्थकांनी राष्ट्राच्या प्रगतीचा दाखला दिला, तर विरोधकांनी आरोग्याचा आणि कुटुंबाचा. परंतु दोन्ही बाजूंचा भर तासांच्या संख्येवरच राहिला. माणूस काम कोणासाठी करतो, त्या कामाचे माप कोण ठरवतो आणि त्या कामातून त्याच्या हाती काय उरते, हे प्रश्न या वादात मागे पडले. प्रस्तुत लेखात या मागे पडलेल्या प्रश्नांचा विचार सातारा जिल्ह्यातील म्हसवड आणि त्याभोवतालच्या माणदेशाच्या इतिहासाच्या आधारे करावयाचा आहे.

कामाच्या अनावर ओढीला इंग्रजीत 'वर्कहॉलिझम' असे नाव आहे. वेन ओट्स या अमेरिकन धर्मोपदेशक आणि मानसशास्त्राच्या अभ्यासकाने 'अल्कोहॉलिक' या शब्दाच्या धर्तीवर १९६८ साली 'वर्कहॉलिक' हा शब्द योजला आणि १९७१ साली या विषयावर पुस्तक लिहून तो रूढ केला. मराठीत त्यासाठी 'कार्यव्यसन' हा शब्द वापरता येईल. तथापि हा शब्द घडवावा लागतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. आपल्या भाषेत कामसू, कष्टाळू, उद्योगी हे शब्द स्तुतीचे आहेत. कामचुकार, ऐतखाऊ, आळशी हे निंदेचे आहेत. अतिकामाची निंदा करणारा रूढ शब्द सहजी सापडत नाही. त्याऐवजी मराठी बोलणारा माणूस 'काम करणे' आणि 'राबणे' असा भेद करतो. कोणी कामाला 'जुंपला' गेला, कोणी 'घाण्याचा बैल' झाला, असे तो म्हणतो. म्हणजे किती काम केले यापेक्षा जू कोणी ठेवले, याकडे भाषेचे अधिक लक्ष आहे. माणदेशातील दीडशे वर्षांचा श्रमाचा इतिहास पाहिला असता भाषेतील हा भेद किती अर्थपूर्ण आहे, हे दिसून येते.

माणदेश : निसर्ग आणि कामाची लय

माण नदीच्या, म्हणजेच माणगंगेच्या, खोऱ्यातील प्रदेशास माणदेश म्हणतात. साताऱ्यातील माण, सांगलीतील आटपाडी आणि सोलापुरातील सांगोला हे तालुके या प्रदेशात मोडतात. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील या भागात त्याचा दहावा हिस्साही निश्चितपणे पडेल असे नाही. म्हसवड हे या प्रदेशातील बाजारपेठेचे आणि सिद्धनाथाच्या देवस्थानाचे गाव. मार्गशीर्षातील सिद्धनाथाच्या रथोत्सवासाठी दूरदूरचे लोक येथे येतात.

या भागातील जुना उद्योग म्हणजे मेंढपाळी आणि त्यावर आधारलेले घोंगडी विणण्याचे काम. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर कातरली जाई, घरातील स्त्रिया ती कातून सूत करीत आणि सणगर खड्ड्यातील मागावर घोंगडे विणीत. चिंचोक्याची खळ लावून त्याला ताठपणा आणला जाई. या कामात कष्ट थोडे नव्हते. परंतु कामाचा दिवस घड्याळावर नव्हे, तर कामाच्या स्वरूपावर ठरत असे. ब्रिटिश इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात कार्याच्या गरजेनुसार चालणारे श्रम आणि घड्याळाच्या शिस्तीने चालणारे श्रम असा भेद केला आहे. तो येथे लागू पडतो. घोंगडे पुरे झाले की काम पुरे होई, ते कोणाच्या खांद्यावर जाणार हे विणणाऱ्यास बहुधा ठाऊक असे, आणि सणावारी व यात्रेच्या दिवशी माग थांबे.

या जुन्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. जातीने ठरवून दिलेला धंदा, सावकाराचे कर्ज आणि पावसाची लहर यांनी ती जखडलेली होती. कातणाऱ्या स्त्रीच्या श्रमाची वेगळी नोंदही होत नसे. तरीही त्या कामाला शेवट होता आणि त्या शेवटी एक वस्तू होती, एवढे मान्य करावे लागते.

दुष्काळी कामे : भुकेची परीक्षा म्हणून श्रम

१८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने दख्खनचा हा भाग उद्ध्वस्त केला. तत्कालीन सरकारने मदतीसाठी जे धोरण स्वीकारले, त्याचा गाभा असा होता की, ज्यास मदत हवी त्याने काम करावे. रस्ते, तलाव, कालवे अशी कामे काढण्यात आली. माण नदीवरील राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव, ज्यास जुन्या सरकारी कागदपत्रांत म्हसवड तलाव असे म्हटले जाते, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकातील याच धोरणाचे अपत्य होय. आज तो सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर उभा आहे. त्याच्या भिंतीत या परिसरातील उपाशी माणसांचे श्रम आहेत.

या कामांमागील विचार समजून घेणे आवश्यक आहे. तलाव बांधणे हा त्यातील एक हेतू होता. दुसरा हेतू मागणाऱ्याची गरज खरी आहे की नाही हे तपासण्याचा होता. काम कष्टाचे, घरापासून दूर आणि मजुरी जेमतेम जगण्यापुरती ठेवली, तर खरोखर उपाशी असलेलाच माणूस तेथे येईल, असा हा हिशेब होता. १८८० साली अहवाल सादर करणाऱ्या दुष्काळ आयोगाने श्रमाची ही कसोटी तत्त्व म्हणून मान्य केली आणि पुढील दुष्काळ संहितांमध्ये तिला स्थान मिळाले.

जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल हे केंद्र सरकारचे प्रतिनिधी म्हणून दुष्काळी भागात आले. त्यांच्या शिफारशीनुसार मजुरीचे प्रमाण घटविण्यात आले. दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, असे पुरुषाच्या मजुरीचे हे नवे माप होते. एवढ्या अन्नावर माती वाहणारे शरीर टिकेल काय, असा प्रश्न मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी उपस्थित केला होता. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या घटविलेल्या मजुरीवर काम करण्याचे नाकारले आणि ते कामे सोडून निघून गेले. पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळाची स्थिती सरकारपुढे मांडताना या असंतोषाची नोंद घेतली. घरात धान्य नसताना कामावरून निघून जाणे, हा साधा निर्णय नव्हता. उपाशी माणसालाही कामाच्या अटींविषयी मत असते आणि प्रसंगी तो त्यासाठी भुकेची जोखीम पत्करतो, हे या घटनेने दाखवून दिले.

येथे आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. दुष्काळी कामावरील ठरीव प्रकारच्या कामांपैकी एक म्हणजे खडी फोडणे. त्या काळी तुरुंगात सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या कैद्यासही खडीच फोडावी लागे. म्हणजे गुन्हेगार आणि दुष्काळग्रस्त शेतकरी या दोघांच्या हाती राज्यसंस्थेने एकच हातोडा दिला होता. दोघांचेही काम ढिगाच्या मापाने मोजले जाई आणि ती खडी कोणत्या रस्त्यावर पडणार, याच्याशी दोघांचाही संबंध नव्हता. कामातून अर्थ काढून घेऊन केवळ माप शिल्लक ठेवले, तर मदत आणि शिक्षा यांतील सीमारेषा पुसट होते, हा या प्रकरणाचा निष्कर्ष आहे.

विश्रांतीचा हक्क

दुष्काळाने आणि कर्जाने उखडलेल्या सातारा जिल्ह्यातील अनेक कुटुंबांनी मुंबईच्या गिरण्यांची वाट धरली. तेथे त्यांची गाठ घड्याळाशी आणि भोंग्याशी पडली. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरणी चाले आणि आठवड्याची सुटी अशी नव्हती. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाचे १२ तास, १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे ६० तास आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास अशी मर्यादा येत गेली.

कार्यव्यसनाच्या चर्चेत हा इतिहास विसरला जातो. मर्यादित कामाचा दिवस ही निसर्गाने वा उदार मालकाने दिलेली देणगी नव्हे. ती मागून, झगडून मिळविलेली गोष्ट आहे. आठवड्याला ७० तासांचा आग्रह धरणारा विचार १९२२ सालच्या ६० तासांच्याही मागे जातो. अर्थात स्वतःच्या इच्छेने अधिक काम करणे आणि तशी सक्ती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा आक्षेप येथे घेता येईल. तो योग्यही आहे. म्हणूनच इच्छेचा प्रश्न तपासून पाहणे अगत्याचे ठरते, आणि त्यासाठी माणदेशाकडे परत यावे लागते.

औंध संस्थान आणि स्वतंत्रपूर

म्हसवडच्या शेजारचा आटपाडी हा भाग औंध संस्थानात होता. ७२ गावांच्या या छोट्या संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते, चित्रकार आणि उद्योगाला आश्रय देणारे राजे होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कारखान्यासाठी जागा याच संस्थानाने दिली आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९३८-३९ मध्ये राजांनी आपली सत्ता प्रजेकडे सोपविणारी राज्यघटना स्वीकारली. या प्रयोगामागे महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत व पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा पुढाकार होता.

याच काळात, १९३९ च्या सुमारास, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत वसविण्यात आली. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगणाऱ्या माणसांना भिंतीवाचून, बेड्यांवाचून, विश्वासावर ठेवावयाचे, त्यांना जमीन कसण्यास द्यावयाची आणि कुटुंबासह राहू द्यावयाचे, अशी ही कल्पना होती. माडगूळ गावाशी नाते असलेल्या ग. दि. माडगूळकरांनी याच कल्पनेवर चित्रपटाची कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. चित्रपट जगभर पोहोचला. ज्या माळरानावरून तो उगवला, त्याची ओळख मात्र आपल्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांनाही अनेकदा करून द्यावी लागते.

श्रमाच्या इतिहासाच्या दृष्टीने स्वतंत्रपूरचे महत्त्व असे की, येथे कैद्याचे कष्ट कमी झाले नाहीत. माणदेशाचा माळ नांगरणे हे खडी फोडण्यापेक्षा सोपे काम नव्हे. बदल झाला तो कामाच्या संबंधांत. पेरलेले उगवते की नाही, हे पाहण्यास कैदी तेथेच होता. भाजी बाजारात जात होती आणि घेणारा माणूस समोर दिसत होता. पहारेकऱ्याच्या नजरेऐवजी पिकाची गरज त्याचा दिवस ठरवीत होती. सक्तमजुरीतील 'सक्ती' पुष्कळशी वजा केली की मजुरीचे रूपांतर कामात होते, हे या वसाहतीने दाखवून दिले. ती शिक्षाच होती आणि काम निवडण्याचे स्वातंत्र्य कैद्याला नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. परंतु पूर्ण स्वातंत्र्य नसतानाही कामाला अर्थ येऊ शकतो, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिची पार्श्वभूमी याच औंध संस्थानाची आहे. तीमधील तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीला हाताशी धरून तालीम बांधतो. मजुरी न घेता केलेले ते सामुदायिक काम वस्तीला आपले वाटते. परंतु पुढे दुष्काळ येतो आणि वस्ती उठून जाते. अर्थपूर्ण कामदेखील अन्नपाण्याच्या आधारावाचून टिकत नाही, हे वास्तव या कादंबरीने विसरू दिलेले नाही. कामातील अर्थाची चर्चा करणाऱ्या प्रत्येकाने ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

रोजगार हमी : काम हा हक्क

अन्नाच्या आधाराचा हा प्रश्न पुढे सांगली जिल्ह्यातील एका प्रयोगातून राज्यव्यापी धोरणापर्यंत पोहोचला. महाराष्ट्र विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात ग्रामीण मजुरांना कामाची हमी देण्याचा प्रयोग केला होता. १९७२ च्या दुष्काळात या कल्पनेला राज्यभर रूप आले. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. सुकडी, मिलो, नालाबांध, पाझर तलाव आणि पुन्हा एकदा खडी, अशी त्या वर्षाची आठवण माणदेशातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आजही येते.

वरवर पाहता १८७७ आणि १९७३ ही दृश्ये सारखीच वाटतात. तोच माळ, त्याच पाट्या, तीच माती. मात्र त्यांतील कायदेशीर नाते पालटले होते. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता देणे शासनावर बंधनकारक झाले. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय यांची तरतूद झाली. स्त्री-पुरुषांना एकाच दराने मजुरी देण्याचे तत्त्व आले. पूर्वी श्रम ही मागणाऱ्याची परीक्षा होती; आता काम देता येते की नाही, ही शासनाची परीक्षा झाली. २००५ साली केंद्राने केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

या योजनेचा खर्च भागविण्यासाठी १९७५ साली राज्यात व्यवसाय कर सुरू करण्यात आला. महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या पगारपत्रकात दरमहा दिसणारी ती छोटी कपात हीच होय. वर्गात शिकविणारा आणि नालाबांधावर माती टाकणारी यांच्यातील हा दुवा आपल्या लक्षात क्वचितच येतो.

असे असले तरी हक्काने मिळालेल्या कामातही मापाचा जाच संपला नाही. हजेरीपत्रक, मुकादम, खोदलेल्या खड्ड्यांची लांबी-रुंदी आणि ब्रासचा हिशेब यांभोवतीच मजुराचा दिवस फिरत राहिला. बांध कोठे घालावा, तलाव कोणाच्या शेताला लाभेल, याचा निर्णय बहुधा त्याच्या हाती नव्हता. हक्काने भूक भागली, सन्मानही काही अंशी मिळाला. अर्थाचा प्रश्न मात्र अपुरा राहिला.

ध्येयनिष्ठा आणि घरातील अदृश्य श्रम

आतापर्यंत सक्तीच्या व गरजेच्या श्रमाचा विचार केला. स्वेच्छेने, ध्येयासाठी अहोरात्र झटणाऱ्यांची परंपराही सातारा जिल्ह्यात समृद्ध आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि 'कमवा व शिका' या तत्त्वावर १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभारले. या योजनेत विद्यार्थ्याच्या अंगमेहनतीला शिक्षणाइतकीच प्रतिष्ठा होती. स्वतः पिकविलेल्या अन्नावर शिकणारा मुलगा कोणाचा मिंधा राहत नाही, ही त्यामागील धारणा होती. शारीरिक श्रम हीन मानणाऱ्या समाजात हा मोठा मूल्यबदल होता.

परंतु अशा चरित्रांचे वाचन करताना एक बाजू आपण पुरेशी पाहत नाही. कर्मवीरांच्या वसतिगृहातील मुलांचा घास चालावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्यांचे निधन झाले. रयतची उभारणी पूर्ण झालेली पाहण्यास त्या उरल्या नाहीत. थोर पुरुषाच्या कामाचे तास चरित्रकार मोजतो, त्याच्या स्वयंपाकघरातील तास मोजत नाही. ध्येयवेड आणि कार्यव्यसन यांत अंतर आहे, हे खरे. ध्येयवेड्याचे काम त्याच्यापलीकडील माणसांसाठी असते, तर व्यसनी माणसाचे काम त्याच्या स्वतःच्या अस्वस्थतेवरील उतारा असते. मात्र दोघांच्याही घरी कामाचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो. लक्ष्मीबाईंनी तो भार जाणतेपणाने आणि त्याच ध्येयासाठी उचलला, म्हणून त्यांचे श्रम कर्मवीरांच्या श्रमांइतकेच इतिहासाचा भाग आहेत. प्रत्येक घरातील स्त्रीला अशी निवड मिळते, असे मात्र म्हणता येत नाही.

म्हसवडची महिला बँक

घरातील आणि शेतातील या अगणित श्रमाचा हिशेब मांडण्याचा एक प्रयत्न म्हसवडमध्येच झाला. मुंबईत वाढलेल्या चेतना गाला सिन्हा विवाहानंतर म्हसवडला स्थायिक झाल्या. त्यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार, लोहारकाम करून रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या एका स्त्रीला रोजच्या कमाईतून थोडे पैसे बाजूला टाकून पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालण्यास प्लास्टिकचा कागद घ्यावयाचा होता. परंतु एवढ्या लहान रकमेचे खाते उघडण्यास कोणी तयार नव्हते. त्यातून स्त्रियांची स्वतःची बँक काढण्याचा विचार पुढे आला. परवान्यासाठीचा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक सभासद स्त्रियांपैकी अनेकींनी सहीऐवजी अंगठा उमटविला होता. मग साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. स्त्रिया पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि लिहिता-वाचता येत नसले तरी व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी तो यंत्रावाचून करून दाखवावा, असे त्यांनी सुचविले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली.

या प्रसंगातील विशेष हा की, ज्या कामाला समाजाने कधी ज्ञान मानले नव्हते, त्या कामातील ज्ञान स्त्रियांनी साक्षीला आणले. बाजारात भाजी, बांगड्या किंवा शेळ्या विकताना रोज होणारा हिशेब हे कौशल्य आहे, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे बँकेला असेही आढळले की, कामाचा दिवस बुडवून बँकेत येणे या स्त्रियांना परवडत नाही; तेव्हा बँकच त्यांच्या दारी गेली. यंत्रावरील व्यवहारासाठी गुप्त क्रमांकापेक्षा अंगठा अधिक सुरक्षित, असे स्त्रियांनीच सुचविले, कारण क्रमांक घरातल्यांना कळतो. जो अंगठा अपात्रतेची खूण ठरला होता, तोच कमाईचा रखवालदार झाला.

या प्रयोगाकडेही चिकित्सक दृष्टीने पाहिले पाहिजे. कर्ज घेऊन शिलाईयंत्र किंवा शेळ्या घेणाऱ्या स्त्रीचा दिवस लहान होत नाही; पाणी, सरपण, चूल, गोठा आणि मुले सांभाळून त्यात आणखी एका कामाची भर पडते. केवळ तासच मोजले तर पहाटेपासून रात्रीपर्यंत खपणारी ही स्त्री कोणत्याही महानगरी अधिकाऱ्याहून मोठी कार्यव्यसनी ठरेल. तिला तसे कोणी म्हणत नाही आणि म्हणणे अन्यायाचेही होईल, कारण न थांबण्याची तिची कारणे तिच्या मनात नसून तिच्या परिस्थितीत आहेत. तरीही जुन्या राबण्यात आणि या नव्या कामात फरक आहे. मिळकत तिच्या नावावर आहे, शेळी केव्हा विकावी हे ती ठरवते आणि हिशेब तिला समजतो. अर्थाचा शोध येथे मिळकतीच्या मालकीपासून सुरू होतो. विश्रांतीच्या मालकीपर्यंत तो अद्याप पोहोचावयाचा आहे.

समारोप

माणदेशातील या घटनाक्रमावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कामाच्या हेतूविषयी काम करणाऱ्याला काही बोलता आले, तर कष्ट तेच राहूनही राबण्याचे काम होते. स्वतंत्रपूरचा कैदी आणि दुष्काळी कामावरील स्वतंत्र शेतकरी यांची तुलना या बाबतीत बोलकी आहे. दुसरी, कामाचे फळ, मग ते पीक असो, शिक्षण असो वा बँकेतील शिल्लक, करणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात असावे लागते. तिसरी, कामाला शेवट असावा लागतो. घोंगड्याला तो होता, गिरणी कामगाराने तो मिळविला, घरातील स्त्रीला तो अद्याप मिळालेला नाही. या तिन्ही गोष्टी नाहीशा होऊन केवळ माप शिल्लक राहते, तेव्हा गरीब माणूस घाण्याचा बैल होतो आणि सुस्थितीतील माणूस कार्यव्यसनी. दोघांच्या हालअपेष्टा सारख्या नाहीत; सुस्थितीतील माणसाला थांबता येते, गरिबाला येत नाही. पण दोघांच्या कामातून हरवलेली गोष्ट एकच आहे.

हा निष्कर्ष आपल्या व्यवसायालाही लागू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. शोधनिबंध, चर्चासत्रे, समित्या या साऱ्यांना गुण मिळाले. त्या नियमांत २०१६ व २०१८ साली बदल झाले, परंतु मोजण्याची सवय मागे राहिली. गुण मिळावेत म्हणून लिहिलेला निबंध आणि प्रश्न सुटावा म्हणून लिहिलेला निबंध बाहेरून सारखेच दिसतात. रात्री जागून दोन्ही लिहिले जातात. फरक लिहिणाऱ्यालाच माहीत असतो. मापावाचून सार्वजनिक व्यवस्था चालणार नाही, हे मान्य करूनही, खडीचा ढीग मोजणाऱ्याने ती कोणत्या रस्त्यासाठी आहे हे फोडणाऱ्याला सांगितले पाहिजे आणि फोडणाऱ्यानेही ते विचारले पाहिजे.

राजेवाडीच्या तलावात पाणी असते त्या वर्षी आजही त्यावर शेती भिजते. ज्यांनी तो खोदला त्यांना परीक्षार्थी म्हणून वागविले गेले, तरी त्यांच्या हातून चार पिढ्यांना पुरणारे काम झाले. ते काम अर्थशून्य नव्हते. त्याचा अर्थ ते करणाऱ्यांपर्यंत पोहोचू दिला गेला नव्हता, एवढेच. इतिहासाच्या अध्यापकाने आपल्या परिसरातील अशा कामांची आणि ती करणाऱ्यांची नोंद विद्यार्थ्यांसह गोळा करावी. पोहोचू न दिलेला अर्थ निदान उशिरा तरी त्यांच्या वारसांपर्यंत नेणे आपल्या हाती आहे.